अनुभव धागा: "एवढ्यानं काय होतंय?"

जालनाकर (धागाकर्ता)

सलाम मंडळी. गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत बायबलमधला शद्रख, मेशख, अबेदनगोचा पाठ होता, राजाच्या पुतळ्यापुढं वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेले ते तिघं. साठ हात उंचीचा सोन्याचा पुतळा, सातपट तापवलेली भट्टी, आपण लहानपणापासून ऐकत आलोय ते सगळं. चर्चबाहेर चपला शोधताना एक काकू म्हणाल्या, "आपल्याला कुठं कोण भट्टीत टाकतंय? आपल्याला तर लोक जेवायला बोलावून वाकवतात." तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय.

१८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे आमच्या जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवलं. ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी वेगळं गाव, हा एक उपाय झाला. आपण बहुतेक जण मात्र जुन्याच गावात, जुन्याच नात्यांत राहतो. दबाव येतो तोही बहुतेक मायेच्या माणसाकडून, आणि त्याचं ठरलेलं वाक्य असतं, "एवढ्यानं काय होतंय?"

तर लिहा. कुठं थांबलात, त्यापायी काय गेलं. वाकला असाल तर तेही लिहा, इथं कोणी माप काढणार नाही. गावाची, माणसांची ओळख पटेल असं काही नको. आणि दुसऱ्याच्या देवाची टिंगल दिसली तर प्रतिसाद उडवीन.

काळीमाती

परतूरकडचा आहे. चार एकर, एक जोडी. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच.

पोळा जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. खांदमळणी मी करतो. लोणी-हळद लावून खांदा चोळायचा. वर्षभर ज्यानं जू ओढलं त्याचा खांदा चोळायला कोणता धर्म आडवा येतो? शिंगं रंगवतो, घागरमाळा घालतो, पुरणपोळी चारतो. फक्त मारुतीच्या पाराला फेरा नाही, अन् बैलाची आरती नाही. बापानं घालून दिलेली रेघ आहे ही.

२०१५ ला पाऊसच नव्हता. पोळ्याला बांधावर गवताची काडी नाही. गावातली मोठी माणसं घरी आली, चहा घेतला, नीट बोलली. "औंदा तरी जोडी वेशीत आण. तुझ्यामुळं देव रुसला असं पोरं म्हणायलेत. एक फेरा मार, एवढ्यानं काय होतंय?" मी म्हणलं, अन्नदानाला ज्वारीचं पोतं देतो, मांडवाला दोन दिवस राबतो, पण फेरा नाही. ते उठून गेले. भांडण नाही, शिवी नाही. पण त्या साली कापूस वेचायला गावातली एक बाई आली नाही. होता तरी किती कापूस! तरी बोंडं झाडावर लोंबायला लागली.

शेवटी शेजारच्या बांधाचा आण्णा आला, दोन पोरं अन् सुना घेऊन. माळकरी माणूस, दर साली पंढरीला पायी जाणारा. कोणीतरी त्याला अडवलं तर म्हणाला, "त्याचा देव त्याच्यापाशी. कापसाला कसला देव?" तीन दिवस वेचला. मजुरी घेतली नाही.

हे मी चर्चमध्ये साक्ष म्हणून सांगितलं तेव्हा लोकांनी "हालेलुया" म्हणलं. पण एक गोष्ट तिथं सांगितली नाही. पोळ्यादिवशी माझा बारा वर्षांचा पोरगा सजवलेल्या बैलाचा कासरा धरून दारात उभा होता. त्याच्या वर्गातली सगळी पोरं वाजतगाजत वेशीकडं चालली होती. तो काही बोलला नाही, नुसता कासरा बोटाला गुंडाळत राहिला. माझी किंमत मी मोजली, त्याची त्याला न विचारता मोजली.

निवृत्त मास्तर, नांदेड

काळीमाती, तुमच्या रेघेबद्दल मतभेद असणारच. काही जण म्हणतील पुरणपोळीसुद्धा नको. प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात मूर्तीला दाखवलेल्या मांसाबद्दल लिहिलं तेही "खा" किंवा "नको" इतकं सरळ नाही. बाजारातलं मांस खुशाल घ्या म्हणतो, पण शेजारच्याचा विवेक दुखावत असेल तर थांबा म्हणतो. म्हणजे रेघ ताटात नसते, ताटासमोर कोण बसलंय त्यावर असते.

मी स्वतः तीस वर्षं शाळेत सरस्वतीपूजनाच्या दिवशी मागच्या रांगेत उभा राहिलो. हात जोडले नाहीत, पण पोरांना रांगेत बसवलं, खिरापत वाटली. मनाला बायबलमधल्या नामान सेनापतीचा आधार दिला होता. राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी, असं तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो. अलीशा त्याला फक्त "शांतीने जा" म्हणतो, दटावत नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मास्तर, नामान परत गेला तिथं त्याला विश्वासणाऱ्यांची मंडळी नव्हती. तुम्हाला आहे." याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

वाळूजचा फिटर

थोडक्यात लिहितो. खंडेनवमीला मशीनची पूजा असते. मशीन मी घासूनपुसून लख्ख करतो, नारळ फोडत नाही. पहिल्या वर्षी कुजबुज झाली, आता कोणी विचारत नाही, उलट पेढा आणून देतात.

पण त्याच दिवाळीच्या आधी माल पाठवायची घाई होती. मोजायचं गेज न लावताच तपासणीच्या तक्त्यात आकडे भरले आणि खाली सही केली. साहेब म्हणाले होते, एवढ्यानं काय होतंय. तिथं माझ्या तोंडातून "नाही" निघालं नाही. नारळाची गोष्ट मी चर्चमध्ये चारदा सांगितलीय. तक्त्याची आज पहिल्यांदा सांगतोय.

लातूरची लेक

माहेर हिंदू, मी लग्नाआधी विश्वासात आले. आई गेली तेव्हा पाळक म्हणाले तेराव्याला जाऊ नकोस, भाऊ म्हणाला आली नाहीस तर माहेर संपलं. मी गेले. दोनशे माणसांच्या पोळ्या लाटल्या. आईच्या हातचं लाटणं होतं ते.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तास झाला. ऊन चढलं, म्हातारी माणसं बसून बसून थकली. मग मावशी म्हणाली, "लेकीत जीव अडकलाय तिचा. ये गं, हात जोड पिंडाला." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "मावशी, आईचा जीव कशात होता ते मला माहितीय." आणि दादाला तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं की तुझ्या धाकटीचं शिक्षण मी करीन. हात जोडले नाहीत. कावळा काही आला नाही, शेवटी दर्भाचा करून शिववला.

दादा तेव्हापासून बोलत नाही. पोरीची फी मात्र दर जूनला माझ्याकडून जाते. फोन तीच करते, मागून त्याचा खोकण्याचा आवाज येतो.

अनाम

मी वाकलेला आहे.

आमची वस्ती तीच, आडनाव तेच, आज्याला पाण्यापासून लांब ठेवणारे लोकही तेच. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदूच. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. चुलत्याची पोरं बौद्ध, त्यांना दाखला मिळतो. भिंत एक, सवलत त्यांच्याच बाजूला.

पोराच्या टी.सी.वर हिंदू लिहिलं. जात पडताळणीच्या वेळी कळलं की दक्षता पथक घरी येऊ शकतं. आदल्या रात्री भिंतीवरचा क्रूस काढला आणि गव्हाच्या कोठीत खाली दाबून ठेवला. सकाळी बघतो तर भिंतीवर त्याचा आकार तसाच. मागचा चुना पांढरा राहिलेला, बाकी भिंत धुरानं काळी. मग त्यावर कॅलेंडर लटकवलं. बायको काही बोलली नाही. त्या दिवशी तिनं त्या कोठीतले गहू काढले नाहीत, शेजारून पीठ आणलं.

पोरगा शिकला, नोकरीला लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. तो वाचल्यापासून झोप नीट लागत नाही. पण खरं सांगू? कोर्टाच्या भीतीआधीपासून एक गोष्ट चालू आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर-द्राक्षरस घ्यायला मी मागच्या बाकावरून उठत नाही. लोकांना वाटतं गुडघे दुखतात.

सिस्टर, बीड

अनाम दादा, मी दाखला घेतला नाही. कर्ज काढून नर्सिंग केलं, नऊ वर्षं फेडलं. मी तुमच्यापेक्षा धीट होते असं नाही, माझ्या पाठीमागं शिकायचं राहिलेलं लेकरू नव्हतं. धर्म बघून जात मोजणारा आदेशच मला अन्यायाचा वाटतो. त्याविरुद्धच्या याचिका किती वर्षं कोर्टात पडून आहेत. पण तुमच्या वहिनींनी गहू काढले नाहीत हे वाचून मला रडू आलं.

जालनाकर (धागाकर्ता)

अनाम, येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारलं, आणि पुढं कोळशाच्या विस्तवापाशीच येशूनं त्याला तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रेम आहे का?" तुमच्या पाळकांशी एकदा बोला. सगळ्यांसमोर नको, त्यांच्या ओट्यावर बसून बोला. फिटर भाऊ, तक्त्याचं लिहिलंत, बरं केलंत.

काळीमाती

सगळं वाचलं. लातूरच्या ताई, तुमचा दादा बोलेल.

एक सांगायचं राहिलं. औंदा जोडी विकली. चारा परवडत नव्हता, नांगरट आता ट्रॅक्टरनंच होते. त्यामुळं पोळ्याला घरी कोणी आलं नाही, कोणी काही म्हणलं नाही. खांदमळणीच्या सांजंला सवयीनं लोणी काढून ठेवलं होतं. पोरगा पुण्यात आहे, त्याचा फोन आला, "बाबा, आज खांदमळणी ना?" मी म्हणलं, हो. मग लोण्याची वाटी घेऊन आण्णाच्या गोठ्यात गेलो. त्यानं एक बैल माझ्याकडं वळवला.