मदत हवी: आत्ता असिंकआयओ चालू आहे की ट्रायो, कोडला कळणार कसं?

असिंकआयओ आणि ट्रायो म्हणजे पायथॉनमध्ये एक काम थांबलं की दुसरं चालवणाऱ्या दोन वेगळ्या असिंक लायब्रऱ्या. मी पायथॉनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहितोय, नेटवर्क कॉल फसला की जरा थांबून परत ट्राय करायचं एवढंच काम. पण घोडं अडलंय त्या थांबण्यावरच, कारण वापरणारा असिंकआयओवाला असेल तर त्याचं स्लीप (थांबायचं फंक्शन) लागणार आणि ट्रायोवाला असेल तर ट्रायोचं. ट्रायोत चुकून असिंकआयओचं लावलं की 'नो रनिंग इव्हेंट लूप' म्हणून रनटाइम एरर (इव्हेंट लूप म्हणजे असिंकआयओचं कामं आळीपाळीने चालवणारं चक्र).

आधी सिस मॉड्यूल्समध्ये, म्हणजे इम्पोर्ट झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदीत, नाव शोधून बघितलं. येडेपणा होता, इम्पोर्ट झालंय म्हणजे चालू आहे असं थोडीच असतं, भलत्याच पॅकेजनेही इम्पोर्ट केलेलं असू शकतं.

मग स्निफिओ मिळालं, कुठली असिंक लायब्ररी चालू आहे ते ओळखणारं छोटं पॅकेज. त्याचं करंट असिंक लायब्ररी हे फंक्शन सरळ नावाची स्ट्रिंग देतं, मस्त चाललं. फक्त असिंकआयओमध्ये कॉल सून वापरून लावलेल्या कॉलबॅकमधून (लूपने नंतर चालवायचं साधं फंक्शन) विचारलं की 'असिंक लायब्ररी नॉट फाउंड' एरर! आणि गेट रनिंग लूप हे असिंकआयओचं फंक्शन त्याच ओळीवर लूप नीट देतंय. लूप आहे तर लायब्ररी कशी नाही??

प्रतिसाद १: स्निफिओ असिंकआयओच्या बाबतीत लूप बघत नाही, करंट टास्क (लूपवर आत्ता चालू असलेलं असिंक काम) बघतं. तुमचा कॉलबॅक लूपवर चालतो पण कुठल्या टास्कच्या आत नाही, म्हणून तिथे नन, म्हणजे काहीच नाही, असं येतं. तसंही साध्या कॉलबॅकमध्ये अवेट (असिंक काम होईपर्यंत वाट बघणं) करता येत नाही, मग स्लीप कुठलं हे तिथे कळून करणार काय? असिंक फंक्शनच्या आत विचारा.

प्रतिसाद २: एवढा खटाटोप कशाला, एनीआयओ लायब्ररीचं स्लीप वापरा, दोन्हीकडे चालतं.

धागाकर्ता: एनीआयओ माहितीये हो, पण तीन फंक्शनांच्या लायब्ररीला अजून डिपेंडन्सी (सोबत लागणारं बाहेरचं पॅकेज) नको वाटते. मग स्निफिओही काढून हाताने तपासू का? गेट रनिंग लूप ट्राय-एक्सेप्टमध्ये टाकायचं, रनटाइम एरर आला की ट्रायो समजायचं.

प्रतिसाद १: नका. ट्रायोचा गेस्ट मोड असतो, त्यात ट्रायो असिंकआयओच्याच लूपवर बसून चालतं, म्हणजे ट्रायोच्या टास्कमध्येही गेट रनिंग लूप यशस्वी होणार आणि तुम्ही फसणार. शिवाय काहीच चालू नसलं तरी तोच एरर येतो. स्निफिओ एवढंसं आहे, राहू द्या.

धागाकर्ता: बरं, ठेवतो. कॉलबॅकमधून क्रिएट टास्कने नवं टास्क बनवून त्याच्या आत विचारलं, 'असिंकआयओ' आलं. रात्रीचे दोन तास यात गेले राव.