मेंटेनरची (उभ्या बाइकची बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या छोट्या चार्जरची) लीड, म्हणजे जोडवायर, बाइकवर कायमची ठेवावी का? आणि फ्यूज नेमका कशाने उडतो?

टेस्टलॅम्प
पावसाळ्यात बाइक तीन-चार महिने उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनरची फ्यूजवाली लीड कायमची बसवावी, या मताचा मी आहे. हिशोब साधा आहे. किल्ली बंद असतानाही ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि घड्याळ मिळून समजा ५ मिलीअँपिअर ओढतात. म्हणजे महिन्याला ३.६ एएच (अँपिअर-तास). ८ एएचची बॅटरी असेल तर जवळपास निम्मी गेली. ३० मिलीअँपिअर खाणारा जीपीएस ट्रॅकर असेल तर अकरा दिवसांत खडखडाट.

बसवताना किल्ली बंद ठेवा. आधी निगेटिव्हचा बोल्ट सोडा, मग पॉझिटिव्हचा. उलट केलंत आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी ठरलेली. जोडताना आधी लाल (पॉझिटिव्ह) थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, मग काळं. फ्यूज होल्डर लाल थिंबलच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत हवा, कारण होल्डरच्या आधीच्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं. चार्जरचा प्लग आधी लीडला जोडायचा आणि भिंतीवरचं बटण सगळ्यात शेवटी.

निगेटिव्ह_काढा
एवढा उपद्व्याप कशाला? १० नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह सोडा, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, झालं. सीलबंद बॅटरीचा स्वतःचा डिस्चार्ज २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के असतो आणि दर १० अंशांना दुप्पट होतो. पूर्ण चार्ज करून, म्हणजे विश्रांतीनंतर १२.८ व्होल्ट दिसत असताना सोडली, तर चार महिन्यांनीही ती बाइक उचलेल. शिवाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग कुठे असतो? तिसऱ्या मजल्यावरून पावसात वायर सोडणार?

त्यात ती लीड बॅटरीवर चोवीस तास जिवंत असते. पन्नास ठिकाणी घासते, एक दिवस फ्यूज उडतो आणि लोक चार्जरला शिव्या घालत बसतात.

टेस्टलॅम्प
प्लगचा मुद्दा मान्य. फ्यूजचा दोष मात्र लीडच्या माथी मारू नका, तो बसवणाऱ्याचा असतो. मेंटेनर जेमतेम १ अँपिअर देतो, तो ७.५ अँपिअरचा फ्यूज उडवूच शकत नाही. फ्यूज उडवणारा करंट बॅटरीकडून येतो, चार्जरकडून नाही. त्यामुळे चार्जर बदलून काही होत नाही. फ्यूजपासून प्लगच्या टोकापर्यंत वायर तपासा.

पहिला संशय प्लगच्या दिशेवर घ्या. लीड आणि चार्जर जोडणाऱ्या दोन पिनच्या एसएई प्लगमध्ये एक पिन झाकलेली असते, एक उघडी. बॅटरीकडच्या लीडवर झाकलेली पिन पॉझिटिव्ह आणि उघडी निगेटिव्ह असायला हवी. स्वस्तातल्या लीडमध्ये हे कधीकधी उलट असतं. मग उघडी पिन फ्रेमला लागली की फ्यूज गेलाच. मीटरने आधी बघा आणि रबरी टोपी लावल्याशिवाय प्लग लोंबकळत ठेवू नका.

सोलवटलेली_वायर
दोघांच्या वादात एक गोष्ट राहतेय: उडालेला फ्यूज वाचायला शिका. आतून फ्यूज काळा, तार फुटल्यासारखी असेल तर थेट शॉर्ट. तार मधेच शांतपणे वितळलेली असेल तर जास्त लोड. बहुतेकदा त्याच लीडवर टायरचा हवापंप चालवलेला असतो किंवा तिच्यातून जंपस्टार्ट करायचा प्रयत्न झालेला असतो. तार शाबूत पण प्लास्टिक वितळलं असेल तर होल्डर सैल आहे, नवा फ्यूज घालून उपयोग नाही.

शॉर्ट शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब दोन तुकडे वायरने जोडा. चार्जर काढलेला हवा. बल्ब लख्ख पेटला म्हणजे शॉर्ट आहे. आता लीड इंचाइंचाने हलवा. सीटच्या बिजागरापाशी, टाकीच्या कडेला, सायलेन्सरजवळ. जिथे बल्ब विझतो किंवा मिचकावतो, तिथे वायर सोललेली. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच अडतो, त्यामुळे काही जळत नाही.

आणि "१५ अँपिअरचा निळा फ्यूज घाला, उडणार नाही" हा सल्ला ऐकू नका. फ्यूज वायरचा रखवालदार आहे, चार्जरचा नाही. लीड बारीक असेल तर १५ चा फ्यूज टिकेल आणि वायर सीटखाली पेटेल.

निगेटिव्ह_काढा
बरं, पण लीडचा नाही, बाइकचा मुख्य फ्यूज उडाला तर?

सोलवटलेली_वायर
तो बहुधा स्टार्टर रिलेपाशी (स्टार्टर मोटरला वीज देणाऱ्या स्विचपाशी) असतो, सुटा फ्यूजही तिथेच खोचलेला मिळतो. बॅटरी उलटी जोडली गेली असेल तर रेक्टिफायर-रेग्युलेटरच्या (इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीजोगी करणाऱ्या भागाच्या) डायोडमधून करंटला सरळ रस्ता मिळतो आणि मुख्य फ्यूज जातो. नवा घातल्यावर किल्ली बंद असतानाच पुन्हा उडाला, तर रेग्युलेटरचा कपलर (वायरचा जोड) काढून बघा. मग उडायचा थांबला तर रेग्युलेटर गेला.

निगेटिव्ह_काढा
हे सगळं करूनही शेवटचा प्रश्न उरतोच. बटण दाबून मोड निवडायचे मेंटेनर वीज गेली की सेटिंग विसरतात. वीज येते, पण चार्जर नुसता दिवा लावून बसतो. कोकणात जुलैमध्ये दिवसातून तीनदा वीज जाते, तिथे कोण रोज जाऊन बटण दाबणार?

टेस्टलॅम्प
म्हणून घेतानाच दुकानात तपासायचं. चार्जिंग सुरू झाल्यावर मेन्सचा प्लग मिनिटभर काढून परत लावा. आपोआप चालू झाला तर घ्या, नाहीतर ठेवा तिथेच. आणि बॅटरी लिथियमची असेल तर लिथियमचा मोड असलेलाच हवा. लेड-अॅसिडच्या चार्जरमधला सल्फेशन (प्लेटवर साचलेला थर) तोडणारा मोड १५ व्होल्टच्याही वर जातो, त्याने लिथियम बॅटरी खराब होते.