मदत हवी आहे: हाताला लागलंय, डिसेक्शन (शवविच्छेदन) बुडतंय, हजेरीचं काय करू?

ऐरोली_सेक्टर
फर्स्ट एमबीबीएसला आहे. हात दुखावलाय, क्रेप बँडेज आहे. अप्पर लिंब (खांद्यापासून बोटांपर्यंतचा भाग) सुरू आहे आणि डिसेक्शनच्या टेबलाशी मी नुसता उभा असतो. सर म्हणाले, काम करणार नसशील तर हजेरी कशी लावू? टर्म ग्रँट (परीक्षेला बसायची परवानगी) झाली नाही तर वर्ष जाईल. मेडिकल सर्टिफिकेट चालतं का? लवकर सांगा, सोमवारी इंटर्नल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) आहे.

घोडबंदरकर
कोणता हात? हाड मोडलंय की मुरगळलंय? एक्स-रे काढला का? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

कळवा_पूर्व
सर्टिफिकेट दिलं म्हणून हजेरी मिळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमात हजेरी थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागते. माझ्या मुलीला पहिल्याच वर्षी कावीळ झाली, तेव्हा तोंडी आश्वासनावर आम्ही विसंबलो नाही. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. बुडालेली प्रॅक्टिकल्स दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या अशी मागणी त्यातच घाला.

शिवाईनगरची_मावशी
बाळा, नाचणीची आंबील आणि डिंकाचे लाडू सुरू कर. कांडवेलीचा लेप लाव. माझ्या दिरांचा हात हाडवैद्याने चोळून बरा केला होता.

ऑर्थो_रेसिडेंट
मावशी, लाडू खाऊ द्या, पण चोळणं अजिबात नको. आत हाड मोडलेलं असेल तर ते सरकेल. ऐरोली, पडलास कसा?

ऐरोली_सेक्टर
उजवा हात. सोसायटीत क्रिकेट खेळताना पडलो, तळवा टेकला. घराजवळच्या क्लिनिकमध्ये एक्स-रे नॉर्मल आला, मुरगळलंय म्हणाले. आठवडा होत आला. पण माझा प्रश्न हजेरीचा आहे.

ऑर्थो_रेसिडेंट
हजेरी नंतर. अंगठा ताठ करून मागे ओढ. मनगटाशी जो खळगा पडतो तो अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स, आत्ताच शिकला असशील. तिथे बोटाने दाब. दुखतं का? अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे दाबल्यावर दुखतं का?

घोडबंदरकर
एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग पोराला कशाला घाबरवता? आता एमआरआय सांगाल, बापाच्या खिशाला भुर्दंड.

ऑर्थो_रेसिडेंट
स्कॅफॉइडचं (मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड, त्या खळग्याच्या तळाशी असतं) फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. म्हणून संशय असला तरी स्प्लिंट किंवा प्लास्टर घालतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. एमआरआय केला तर लगेच कळतं, पण तो प्रत्येकाला लागतोच असं नाही. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. मध्ये मोडलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला उशीर लागतो, कधी जुळतच नाही. मग स्क्रू बसवावा लागतो, पुढे मनगटाची झीज होते. ज्या मुलाला या हाताने आयुष्यभर रुग्ण तपासायचे आहेत त्याला घाबरवलेलंच बरं.

ठाणे_स्टेशन_रोज
ट्रान्स-हार्बर लोकलने येत असशील तर गर्दीत लोंबकळू नकोस. दिव्यांगांच्या डब्यात चढ, बँडेज बघून कोणी काही म्हणत नाही.

कळवा_पूर्व
चुकीचा सल्ला. त्या डब्याला दाखला लागतो, दंड होऊ शकतो. आणि तिथे खरी गरज असलेली माणसं उभी असतात. त्यापेक्षा गर्दी ओसरल्यावरची गाडी पकडा.

नीट_पालक
विषयांतराबद्दल माफी. मुलीला दुसऱ्यांदा नीट द्यायला लावू की डेंटल घेऊ? ठाण्यातल्या कोणी सांगावं.

घोडबंदरकर
वेगळा धागा काढा.

ऐरोली_सेक्टर
दाबल्यावर दुखतंय, दोन्ही ठिकाणी. पेन धरतानाही. पण प्लास्टर घातलं तर डिसेक्शन पूर्णच बंद होईल ना? जर्नल (प्रॅक्टिकलची वही) कोण लिहिणार?

ऑर्थो_रेसिडेंट
पुन्हा एक्स-रे होईपर्यंत तरी बंद. प्लास्टरवर ग्लोव्ह नीट चढत नाही, फॉर्मॅलिन (शव टिकवायचं रसायन) आत झिरपलं तर कातडी सोलते. फिजिऑलॉजीत हिमोग्लोबिनचं पिपेट धरायलाही दोन्ही हात लागतात, ते काम जोडीदाराला दे, रीडिंग तू घे. टेबलावर चिमटा दुसरा धरेल, नर्व्ह आणि आर्टरी तू ओळखून सांग. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तेच विचारतात. फ्रॅक्चर निघालंच तर साधारण 8 ते 12 आठवडे धर.

कळवा_पूर्व
इंटर्नलसाठी लेखनिक किंवा पुढची तारीख मागा. विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत लांबलं तर कॉलेजमार्फत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला अर्ज करावा लागेल, तो आयत्या वेळी करू नका.

ऐरोली_सेक्टर
उद्या सकाळी आमच्याच रुग्णालयाच्या ऑर्थो ओपीडीत जातो. अर्ज कोणाच्या नावे करू?

कळवा_पूर्व
विभागप्रमुखांमार्फत डीनना. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीला वेगवेगळा.

ऑर्थो_रेसिडेंट
एक्स-रेची फिल्म घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. स्कॅफॉइड व्ह्यू (ते हाड नीट दिसेल अशा कोनातला एक्स-रे) काढायला सांग. आणि "उजव्या हाताने काम करू नये" हे केसपेपरवर तारखेसह लिहून घे, तोच कागद अर्जाला जोड.