नुसत्या मक्यावर फेझंट थांबत नाहीत
'मका पेरला की शिकारीच्या रानात फेझंट (शिकारीचा, कोंबडीसारखा पक्षी) टिकतात' असं काही जण म्हणतात. नोव्हेंबरपर्यंत मान्य. पण इंग्लंडात फेझंटच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. डिसेंबरची वादळं झाली की मका आडवा होतो, पानं फाटतात आणि बुडातून गार वारा सुटतो. कणसं शिल्लक असली तरी पाखरं शेजाऱ्याच्या रानात पसार!

म्हणून वाऱ्याच्या अंगाला केलचा पट्टा हवाच. केल म्हणजे कोबीच्या कुळातली पालेभाजी. पहिल्या वर्षी वर पानांचं छप्पर, दुसऱ्या वर्षी बी, म्हणजे एका पेरणीत दोन हंगाम निघतात. मात्र दाट पेरू नका. खोडांमधून पाखराला पळता आलं पाहिजे, आणि दाटीत पावसाचं पाणी सुकत नाही. चिंब केलमध्ये फेझंट शिरायला नाखूश असतो. रोपं दोन पानांवर असताना फ्ली बीटल हा बारीक उड्या मारणारा भुंगा पानांची चाळण करतो, तेव्हा रोज फेरी मारा.

आपली ज्वारीही इकडे लावतात बरं का, बुटकी जात. दाणा भरेल ही आशा सोडा, उन्हाळाच पुरत नाही. पण ताटं वाऱ्याला दाद देत नाहीत. पाखरांना खाण्यासाठी मधे थोडं मिलेट (वरीसारखं बारीक धान्य) आणि कडेला गव्हाचे हॉपर, म्हणजे दाणे पुरवणारी पिंपं.