कोलंबस, इंडियाना : कामं करता करता दिसलेलं गाव (अनुभव लिहा)

मागच्या महिन्यात भाचीचा फोन. "मावशी, ह्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेत कोलंबसला पाठवतायत. नकाशात बघितलं तर चहूकडे मक्याची शेतं. मी तिथं करू काय?" अगदी हाच प्रश्न मी २००६ साली माझ्या नवऱ्याला विचारला होता, फक्त जरा चढ्या आवाजात. म्हणून हा धागा. जे राहून आलेत, आईवडिलांना घेऊन फिरलेत, नुसते दोन दिवस कामाला गेलेत, त्या सगळ्यांनी लिहा.

नवख्यांसाठी थोडक्यात. गाव पन्नास हजार वस्तीचं. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मूळ गाव, कंपनी १९१९ची. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली आलं, तेव्हापासून कोथरूडच्या कित्येक घरांत 'कोलंबस' हा शब्द कराड-साताऱ्यासारखा सहज येतो. पण एवढ्याशा गावात राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळालेल्या सात इमारती आहेत आणि त्यातली एकही किल्ला किंवा राजवाडा नाही. चर्च, बँक, शाळा, वर्तमानपत्राचं ऑफिस, एक राहतं घर. याच्या मागे कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर. सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर वास्तुविशारदाची फी कंपनीचं फाउंडेशन देणार, मात्र तो फाउंडेशननं सुचवलेल्या नामवंतांपैकी हवा, असा सौदा त्यांनी गावापुढे ठेवला. १९५७च्या एका प्राथमिक शाळेपासून हे सुरू झालं. इमारतीचा खर्च गावाचा, डोकं जगातलं उत्तम.

मला हे काही ठाऊक नव्हतं. गाडी चालवता येत नव्हती, डिपेंडंट व्हिसा, कडेवर सात महिन्यांची मुलगी. जायला जागा एकच, लायब्ररी. विटांची, शांत, समोर मोठं पटांगण आणि त्यात सुमारे वीस फुटी हिरवट ब्राँझची कमान. कमानीच्या सावलीत बसून मी डब्यातली पोळीभाजी खायची. ती शिल्पकार हेन्री मूरची, लायब्ररी वास्तुविशारद आय. एम. पेईंची (१९६९), हे मला वर्षानं कळलं. रस्त्यापलीकडचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च तर मला किती तरी दिवस कसलं तरी सरकारी ऑफिस वाटत होतं. चौकोनी, सरळसोट, बाजूला १६६ फुटी मनोरा. एलिएल सारिनेननं १९४२ साली बांधलेलं हे अमेरिकेतल्या पहिल्या आधुनिक चर्चपैकी एक. माझ्या मुलीची पहिली पावलं त्या दोन इमारतींच्या मधे पडली, एवढंच माझं वास्तुशास्त्र.

निवृत्तअभियंता

लेकाकडे सहा महिने होतो. आयुष्य सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलं, त्यामुळे इमारत दिसली की मी आधी पागोळी आणि ओल शोधतो. बार्थोलोम्यू काउंटीचं १८७४चं कोर्ट बघा. लाल वीट, उतरतं छप्पर, घड्याळाचा मनोरा. वीटकाम अजून कसं ओळंब्यात आहे! सून गाडीत वाट बघत होती आणि मी दरजा मोजत होतो.

पण मी पुन्हा पुन्हा गेलो ते कोर्टाच्या आवारातल्या युद्धस्मारकाकडे. चुनखडीचे २५ खांब, प्रत्येक ४० फूट उंच, दाटीनं उभे. बाहेरच्या बाजू खडबडीत, खाणीतून नुकत्याच काढल्यासारख्या. दगड इंडियानाचाच. एम्पायर स्टेट बिल्डिंगला इकडचाच चुनखडी लावलाय, हे लेकाला मी सांगितलं, त्याला दहा वर्षं राहून माहीत नव्हतं. खांबांच्या मधे शिरलात की आतल्या गुळगुळीत अंगावर लढाईत गेलेल्यांची नावं आणि त्यांनी घरी लिहिलेली पत्रं कोरलेली. उभं राहून वाचावी लागतात, चष्मा वर-खाली करत. माझा धाकटा भाऊ फौजेत होता. दुसऱ्या पत्रानंतर मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

कोलंबसचुकलेला

मी गेलोच नाही, म्हणजे आधी भलत्याच कोलंबसला गेलो. एजंटनं तिकीट काढलं ओहायोचं, मीही न बघता 'ओके' केलं. विमानतळावर टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला तर तो हसायलाच लागला. तिथून गाडीनं साडेतीन तास. तर लोकहो, विमान इंडियानापोलिसचं घ्या, तिथून गाडीनं तासभर. तिकिटावर शहराचं नाव वाचताना शेवटपर्यंत वाचा.

आर्किटेक्चरवाली_पुणे

मी शिकागोहून खास इमारती बघायला गेले होते, त्यामुळे तुमच्यापेक्षा उलटी गत. यादी हातात, पाय तुटेस्तोवर फिरले.

सगळ्यात आवडली ती जुनी आयर्विन युनियन बँक, १९५४. एरो सारिनेन, म्हणजे वरच्या चर्चवाल्या एलिएलचा मुलगा. त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब आणि कारकुनापुढे गज. ह्यानं बुटकी, एकमजली, चारी बाजूंनी काचेची पेढी केली आणि छपरावर नऊ पांढरे घुमट ठेवले. गावकऱ्यांनी तिला 'काचोळ्यांचा कारखाना' म्हणून हिणवलं होतं! (शब्द माझा, आशय त्यांचा.) आता ती कमिन्सकडे आहे, आत सभा होतात.

मिलर यांचं स्वतःचं घर १९५७चं, तेही एरोचंच. आतली सजावट अलेक्झांडर जिरार्डची, बाग डॅन कायलीची. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत खोल चौकोन आणि त्यात गाद्या, उशा. पायऱ्या उतरून गप्पा मारायला बसायचं. मला वाड्यातला चौक आठवला, फक्त वर आभाळाच्या जागी छत. घर बघायला आधी बुकिंग लागतं आणि व्हिजिटर सेंटरहून गाडीनं नेतात. ऐनवेळी जाऊ नका, मी पहिल्यांदा रडून परत आलेय.

एक आपल्याकडचा धागा. फर्स्ट ख्रिश्चन चर्चच्या फर्निचरवर तरुण एरोबरोबर डिझायनर चार्ल्स इम्सनंही काम केलं. तोच इम्स, ज्यानं बायको रे हिच्यासोबत १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला आणि त्यात आपल्या साध्या लोट्याची तोंडभरून स्तुती केली. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) त्या अहवालातून उभी राहिली. चर्चच्या बाकावर बसून मला तांब्या आठवत होता, हे तिथल्या कुणाला सांगणार?

डिझेलदादा

तुम्ही सगळे चर्चवर. कमिन्सच्या मुख्यालयाच्या लॉबीत पूर्ण उलगडलेलं इंजिन टांगलंय ते कुणीच लिहिलं नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, नटबोल्टसुद्धा तारांवर हवेत, आपापल्या जागेपासून जरा लांब. डिझायनर रुडॉल्फ दि हारकचं काम. मुख्यालय वास्तुविशारद केविन रोशचं आणि त्या इमारतीच्या पोटात एकोणिसाव्या शतकातली, सिरीयलिन नावाचं मक्याचं खाद्य बनवणारी जुनी गिरणी तशीच ठेवलीय. मी पंचवीस वर्षं इंजिनं जोडली, पण त्या तारांखाली बायकोला कुठला भाग काय करतो ते दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "अच्छा, म्हणजे हे करता होय तुम्ही."

आजीबाई_बटव्यासह

जावयानं झाहाराकोसला नेलं. १९०० सालचं आइस्क्रीमचं दुकान, ग्रीक भावांनी काढलेलं. संगमरवरासारख्या दगडाचे सोड्याचे काउंटर, रंगीत काचा, आणि एक मोठं जर्मन वाजंत्रं, १९०८चं, आपोआप वाजणारं. बासऱ्या, ढोल, झांजा सगळं एकदम! नातू म्हणाला, "आजी, कपाटात बँडवाले कोंडलेत." आइस्क्रीम चांगलं आहे, पण दोघांत एक घ्या.

मध्यमवर्गीय

थोडा विरोधी सूर. उगाच सहलीसाठी लांबून जाऊ नये, आईवडील कंटाळतात. माझ्या सासऱ्यांनी तिसऱ्या सपाट छपराच्या इमारतीनंतर "परत शाळाच का?" असं विचारलं. गंमत म्हणजे ते वास्तुविशारद व्हेंचुरीचं १९६८चं अग्निशमन केंद्र होतं आणि मनोऱ्यावर ढळढळीत मोठा ४ लिहिलेला होता. त्यांना एकच जागा आवडली, नॉर्थ ख्रिश्चन चर्च. षटकोनी, पसरट, मधून १९२ फुटी सुई आभाळात. एरो १९६१ साली गेला, चर्च १९६४ला पुरं झालं, म्हणजे त्यानं ते बघितलंच नाही. तिथली मंडळी घटत गेली आणि २०२२ साली प्रार्थना थांबल्या. इमारत आता लायब्ररीकडे आली आहे. सासरे बराच वेळ गवतावर उभे होते. "शिखर आहे, देव हलवलाय," एवढंच म्हणाले.

भाची (नवीन सदस्य)

मावशीनं धागा काढला ती मीच. पोचून तीन आठवडे झाले. तुमची यादी छापून फ्रिजवर लावली होती, पण पहिली इमारत यादीबाहेरची निघाली. आईनं पाठवलेलं पार्सल घ्यायला पोस्टात गेले. तपकिरी, चकचकीत कौलासारख्या टाइलच्या भिंती. हात लावला तर गारेगार आणि जरा खडबडीत. घरी येऊन शोधलं, तर हेही केविन रोशचंच, १९७०चं. बाकी आईनं गोडा मसाल्याची पिशवी नुसती रबर लावून भरली होती. काउंटरवरच्या बाईंनी खोकं पुढे सरकवलं, एकदा जोरात शिंकल्या आणि विचारलं, "हे खायचं असतं का?"