बारावीनंतर एअरफोर्समध्ये विमानाचं मेंटेनन्स, भाच्याला पाठवावं का?

पारोळेकर_मामा
राम राम मंडळी. भाचा अमळनेरला बारावी सायन्सला आहे, अग्निवीर वायूचा (एअरफोर्समधली चार वर्षांची भरती) फॉर्म भरायचा म्हणतो, डोक्यात फक्त विमानाची कामं. दाजी त्याला म्हणतात, "चार वरीसमा परत येशी तं कपाशीच निंदशी ना!" तिथे खरंच विमानाला हात लावू देतात का, आणि पुढे सुपरवायझर होता येतं का?

चोपडा_फौजी
मामा, मी टेक्निकल ट्रेडमधून रिटायर झालोय. हात लावू देतात, पण लगेच नाही, आधी ट्रेनिंग मग सिनियरच्या नजरेखाली. एक नट बसवला तरी त्याला लॉकवायर (नट ढिला होऊ नये म्हणून बांधायची तार) करायची आणि वायरचा पीळ असा पाहिजे की ताण नट आवळायच्या दिशेनेच बसेल, उलटा दिसला की कापा आणि परत करा, उन्हात टारमॅक तापलेला असो की पहाटेची थंडी. केलेलं काम फॉर्म ७०० मध्ये (विमानाच्या कामाची नोंदवही) चढतं, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. सुपरवायझरकीचं खरं वजन त्या दुसऱ्या सहीत आहे, आरडाओरडा कोणीही करतं. शिफ्ट संपताना टूल बोर्डावर एक पान्हा कमी निघाला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, इंजिनाने आत ओढला तर संपलंच, आणि पोरं भुकेली कुरकुरत असली तरी सार्जंटने घरी सोडायचं नसतं.
पण क्रू सांभाळणं येतं कॉर्पोरल, सार्जंट झाल्यावर, त्यापुढे जेडब्ल्यूओ (ज्युनियर वॉरंट ऑफिसर), वॉरंट ऑफिसर. चार वर्षांत ते होत नाही, आणि त्यानंतर रेग्युलरमध्ये (कायम नोकरीत) घेतात जास्तीत जास्त २५ टक्के. ट्रेड कोणता मिळेल तेही आपल्या हातात नाही.

धुळ्याची_ताई
पैशाचं पण बघा. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवा निधीत (चार वर्षांनी हातात येणारा फंड) कापतात, चौथ्या वर्षी ४० हजार. शेवटी साधारण १० लाख आणि वरचं व्याज. चार वर्षं लग्न करता येत नाही, आजीला आधीच सांगून ठेवा 😄 आणि भरती करून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

ओझर_लाईन
विमानच पाहिजे तर नाशिकजवळ ओझर आहे की, एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखाना) १९६४ पासून मिगची कामं, नंतर सुखोई, शिवाय एअरफोर्सचा ११ बेस रिपेअर डेपो. अभ्यासात बरा असेल तर इंजिनीअरिंग करून एएफकॅटमधून (एअरफोर्सची ऑफिसर भरती परीक्षा) टेक्निकल ऑफिसर, माझ्या मते हाच रस्ता चांगला. सिव्हिलमध्ये विमान उड्डाणाला सोडायची सही करायला डीजीसीएचं (सरकारचं विमान वाहतूक खातं) एएमई म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनीअरचं लायसन्स लागतं, त्याचे पेपर वेगळे द्यावे लागतात, फौजेचा अनुभव दाखवून आपोआप मिळत नाही.

पारोळेकर_मामा
दाजींना वाचून दाखवलं, ऑफिसरचं ऐकून जरा नरम झाले. पण पोरगा म्हणतो फॉर्म तर भरणारच. मेडिकलला काय काय बघतात?

चोपडा_फौजी
भरू द्या, इंजिनीअरिंगला पण अर्ज करून ठेवायला सांगा. मेडिकलला डोळे, दात, गुडघे, सगळं. आणि कान डॉक्टरकडून साफ करून पाठवा, मळामुळे पण टेम्पररी अनफिट करतात.