विकासाच्या भाषणांतील रूपके: प्रेरणा की पडदा?

दादरकर:
१९५४ मध्ये भाक्रा-नांगल येथे जवाहरलाल नेहरू म्हणाले की, माणूस जिथे मानवजातीच्या हितासाठी राबतो तेच आजचे सर्वांत मोठे मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा. त्यामागची तळमळ खरी होती. मात्र धरणाला देवस्थान म्हटले, की त्याच्या खर्चाचा किंवा विस्थापितांचा हिशेब मागणारा माणूस नकळत पाखंडी ठरतो. कोयनेला आपण महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतो, पण ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाचे सरकार हवे, असे सांगणारे आजचे ‘डबल इंजिन’ मला त्याहून अधिक खटकते, कारण केंद्रात एक आणि राज्यात दुसरा पक्ष निवडणे हा मतदाराचा साधा अधिकार असूनही त्या चित्रात तो गाडी रोखणारा दिसतो, आणि राज्यघटनेने राज्यांना दिलेल्या स्वतंत्र अधिकारांना तर तिथे जागाच उरत नाही.

मुलुंडकर:
मी सहमत नाही. त्याच नेहरूंनी १९५८ मध्ये सिंचन आणि वीज क्षेत्रातील अभियंत्यांसमोर अवाढव्य प्रकल्पांच्या हव्यासाला रोग म्हटले होते. म्हणजे रूपकाला रूपकानेच उत्तर देता येते. शिवाय रूपक लोकांच्या हाती मोजपट्टी देते. २००४ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी मुंबईने शांघायला मागे टाकावे असे स्वप्न मांडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून शहर बुडाले, तेव्हा मुंबईकरांनी ‘हेच का शांघाय?’ असा जाब विचारला. रूक्ष योजना-अहवालावर असा प्रश्न कोणी विचारला असता?

दादरकर:
जाब विचारला गेला, हे मान्य. पण त्या महापुराच्या आधीच, २००४-०५ च्या हिवाळ्यात, मुंबईतील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या होत्या. शांघायच्या चित्रात त्यांना घर नव्हते. याउलट वरळीच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या वेळी ज्यातून त्यांच्या होड्या ये-जा करतात त्या पुलाच्या खांबांमधील अंतरावर नेमके बोट ठेवले आणि ते ६० वरून १२० मीटर करून घेतले. त्यांची मागणी १६० मीटरची होती, तरीही मिळाले ते आकड्यांवर बोलल्यामुळे.

मुलुंडकर:
आकडे निर्णायक ठरले, यात वाद नाही. तथापि ‘समुद्र हीच आमची शेती’ असे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि माझ्या मते त्या एका वाक्यामुळेच, ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही अशा आपल्यासारख्यांना ते ६० मीटर अपुरे का आहेत हे समजले.